आधी पाय कापा, प्राणी कोणता ते नंतर ठरू दे

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी चारची, मुलगा सहाचा, व्हिडिओ बघून दोघांना घेऊन कागदाचा ससा करायला बसलात, सशाचे सुटे तुकडे अकरा, मुलीला कात्री चालवता येईना, मुलाने कान फाडला, अर्ध्या तासात दोघंही रडायला लागली आणि शेवटी ती झोपल्यावर ससा तुम्हीच पूर्ण केलात. तर दोघांनाही जमेल असा एखादा सोपा प्राणी सांगा, कागदाचा.

पहिलंच सांगते, चूक मुलांची नाही, तुमचीही फारशी नाही, चूक त्या सशाची आहे. अकरा तुकड्यांचा ससा मोठ्या माणसाने मोठ्या माणसाच्या हाताला जमेल असा केलेला असतो, त्यात मुलाला करायला उरतं काय, तर आपण कापून दिलेला तुकडा आपण बोट ठेवू तिथे चिकटवायचा. दोन मिनिटं मजा वाटते मग कंटाळा, आणि वाकडं चिकटलं की रडारड, कारण समोर नमुना ठेवलेला असतो ना अगदी सरळसोट.

मी बालवर्गात १९ वर्षं हस्तकला घेतेय आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही हेच करायचे. रात्री बसून २५ सशांचे ५० कान कापायचे, सकाळी मुलांनी ते चिकटवायचे, की भिंतीवर २५ पांढरे ससे एका रांगेत. एकदा पालक बघायला आले, एका आईने मुलाला विचारलं तुझा कुठला रे, तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "टीचर, माझा कुठलाय?" मला तरी कुठे माहीत होतं! मागच्या बाजूला पेन्सिलने नावं घातली होती म्हणून सापडला. तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्यानंतर मी कापून आणलेले तुकडे बंदच केले. आता माझ्याकडे एकच प्राणी आहे, खरं तर प्राणी नाहीच तो, नुसतं चार पायांचं धड आहे, आणि त्याचं मांजर होणार की हत्ती ते कान लावेपर्यंत कुणालाच माहीत नसतं, करणाऱ्यालाही नाही.

तर ते धड कसं करायचं. एक ए-फोर कागद मधोमध आडवा कापून दोन तुकडे करा, प्रत्येक तुकडा साधारण २१ बाय १४.८ सेंटीमीटरचा येतो, म्हणजे एका कागदात दोन मुलांची सोय. हा तुकडा आता असा दुमडायचा की २१ ची बाजू अर्धी होईल. घडी मिटल्यावर हातात १४.८ रुंद आणि १०.५ उंच असं बंद पुस्तकासारखं काहीतरी आलं पाहिजे, फक्त पुस्तक आडवं धरलेलं, बांधणीची बाजू वर. ती घडी म्हणजे प्राण्याची पाठ. खालच्या उघड्या कडेला मधोमध एक कमान काढा, ७ सेंटीमीटर रुंद आणि ५ उंच, आणि दोन्ही थर एकत्र धरून कापा. कमान निघाली की दोन्हीकडे जे उरतं ते पाय, आणि थर दोन असल्याने पाय चार. उघडून टेबलावर ठेवा, उभा राहतो. बस, इतकंच. एक घडी आणि एक काप.

वाचायला सोपं आहे पण मुलांबरोबर करताना कुठे कुठे अडतं ते सांगते, कारण खरी गंमत आणि खरा वैताग दोन्ही तिथेच आहे.

कागद. साधा प्रिंटरचा कागद ७०-८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला इतके ग्रॅम, आकडा मोठा तितका कागद जाड) असतो, त्याचे पाय लुळे पडतात, प्राणी उभा राहिल्यासारखा करतो आणि कुणी शिंकलं की बसतो. उलट २००-२२० चं जाड कार्डशीट घेतलं तर उभा ठणठणीत राहतो पण दोन थर एकदम कापायचे म्हणजे चार वर्षांच्या हाताला तो पत्रा वाटतो. मधलं घ्या, १२० ते १६०. चांगल्या चित्रकलेच्या वहीचा कागद साधारण यातच येतो. सहा वर्षांच्याला १६० चालेल, मुलीला १२०. खोक्याचा पुठ्ठा मात्र नको, तो दुमडला की घडीवर फाटतो आणि कात्रीला कापत नाही.

आणि कागदाला पण उभं-आडवं असतं, हे फार लोकांना माहीत नसतं. कागद तयार होताना त्यातले तंतू बऱ्यापैकी एका दिशेला लागतात, त्या दिशेने कागद सहज दुमडतो, सरळ फाटतो, आणि आडवा गेलात की घडी खरखरीत पडते, फाटताना वाट्टेल तिकडे जातो. वर्तमानपत्र फाडून बघा, एका बाजूने पट्ट्या सरळ निघतात, दुसरीकडून नुसत्या चिंध्या. ए-फोर कागदात तंतू बहुतेक वेळा लांब बाजूने असतात, म्हणून मी वर सांगितल्याप्रमाणे कापून दुमडलंत तर पाठीची घडी तंतूंच्या दिशेने येते आणि लहान बोटांनाही कडक पडते. यात एक तोटा आहे, तंतू पायांना आडवे येतात त्यामुळे पाय जरा मऊ राहतात. पाच सेंटीमीटरच्या बुटक्या पायांना काही होत नाही पण मुलाने जिराफ करायचा हट्ट धरला आणि पाय लांब हवे असतील तर कागद दुसऱ्या दिशेने घ्या आणि घडीच्या जागी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी लावून एक रेघ दाबून द्या, मग उलट्या दिशेलाही घडी नीट पडते.

घडी घालायला शिकवताना मोठी माणसं एक गोष्ट हमखास विसरतात, आपण एका हाताने कोपरे जुळवून धरतो आणि दुसऱ्याने घडी दाबतो, ही दोन वेगळी कामं दोन हातांनी एकाच वेळी करायची आहेत हे मुलाला दिसतच नाही. त्याला फक्त घडी दाबलेली दिसते. मग तो दोन्ही हातांनी दाबायला जातो आणि कोपरे सरकतात. मी म्हणते, कोपऱ्याला कोपरा भेटला, आता त्यांना झोपवून ठेव, हा हात त्यांच्यावर पांघरूण, हलवायचा नाही. मग दुसऱ्या हाताचं बोट घडीच्या मधोमध ठेवून आधी एका टोकाकडे, मग दुसऱ्या टोकाकडे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घासत गेलं तर कागद पुढे सरकत जातो आणि शेवटी सुरकुती पडते. नंतर चमच्याच्या पाठीने एकदा घासायला द्या, त्यांना ते फार आवडतं, गरजेपेक्षा दहापट घासतात, घासू दे.

घडी थोडी तिरकी आली तर काही बिघडत नाही. एका बाजूचे पाय दुसऱ्यापेक्षा अर्धा सेंटीमीटर लांब आले तर प्राणी थोडा झुकून उभा राहतो इतकंच. कोपरे सरळ करून द्यायला तुमचे हात शिवशिवतील, आवरा.

आता कात्री, इथे जरा थांबते कारण तुमची मुलगी इथेच अडलीय. साधारण अडीच-तीन वर्षांचं मूल कात्री एकदा उघडून एकदा मिटतं, म्हणजे नुसती चिमटी काप, कच्. कागदाच्या कडेला कच् कच् करत जाणं त्याला येतं, रेघ धरून पुढे सरकत राहणं येत नाही. सरळ रेघ चाराच्या आसपास जमायला लागते, वळण पाचाकडे, अन् कोपऱ्यांचे आकार त्याच्याही नंतर. यात वर्षाचा मागेपुढे फरक अगदी नेहमीचा आहे. म्हणजे तुमच्या मुलीला कमान जमली नाही तर ती मागे वगैरे काही पडलेली नाही, तिला चुकीचं काम मिळालंय. तिला कमानीऐवजी दोन सरळ काप द्या, खालून वर, पाच सेंटीमीटरचे, आणि मधला तुकडा वर दुमडून आतल्या बाजूला चिकटवून टाका. दोन्ही थरांचा आपापला. कमान चौकोनी होते, पाय चारच राहतात, आणि आतल्या दुमडीने पोट जाड होऊन प्राणी उलट जास्त घट्ट उभा राहतो. रेघ स्केचपेनची काढा आणि चांगली जाड, पाच-सहा मिलिमीटरची, म्हणजे कात्री जरा इकडेतिकडे गेली तरी ती रेघेवरच असते.

कात्री कशी धरलीय ते बघा. लहान मुलं हमखास हात उलटा फिरवतात, अंगठा जमिनीकडे आणि कोपर हवेत पंखासारखं. तसं धरून मोठ्यालाही कापता येणार नाही. अंगठ्याच्या नखावर पेनाने दोन डोळे काढा आणि सांगा की हा बाबा छताकडे बघत राहिला पाहिजे, खाली बघितलं तर त्याला झोप लागेल. कोपर फारच उडत असेल तर काखेत एक कागदाचा बोळा धरायला द्या, बोळा पडू द्यायचा नाही, आपोआप हात अंगाजवळ येतो. आणि वळणावर कात्री फिरवायची नसते, कागद फिरवायचा असतो, म्हणजे दुसरा हात काम करतो. आपण मदत म्हणून मुलाचा कात्रीचा हात धरतो ना, ते बंद करा, त्याने काहीच शिकणं होत नाही, त्याला नुसता आपला हात कळतो. धरायचाच असेल तर कागद धरा, ताणून, त्याच्या कात्रीसमोर.

मुलगी कात्री चालवते पण कागद कापला न जाता दोन पात्यांच्या मध्ये दुमडून अडकतो असं होतंय का? मग आधी बघा ती डावखुरी आहे का. नेहमीची कात्री उजव्या हाताच्या दाबाने पाती एकमेकांवर घट्ट बसतील अशी केलेली असते, डाव्या हातात घेतली की तोच दाब पाती लांब करतो आणि कागद चावल्यासारखा होतो. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, तिची पातीच उलट बसवलेली असतात, नुसती मूठ दोन्ही हातांना चालेल अशी केलेली कात्री म्हणजे डावखुऱ्यांची नव्हे, घेताना हे बघून घ्या. माझ्या वर्गात एक मुलगा सहा महिने "कात्री नको" म्हणून कोपऱ्यात बसायचा, आम्हाला वाटलं आळशी आहे. डावी कात्री दिली, त्या दिवशी त्याने टेबलावरचे सगळे कागद कापले आणि माझ्या हजेरीपटाचा एक कोपरा पण. मूल डावखुरं नसेल तर कात्रीचा मधला स्क्रू ढिला असेल, तो आवळा.

कमान कापताना कागदाची उघडी बाजू मुलाच्या पोटाकडे हवी, घडी पलीकडे. उजव्या हाताचं मूल कमानीच्या उजव्या टोकापासून सुरुवात करेल, डावखुरं डाव्या टोकापासून. आणि थर सरकू नयेत म्हणून दोन्हीकडच्या पायांना एकेक कपड्याचा चिमटा लावून ठेवा, हा चिमटा पुढे गम वाळेपर्यंत पण कामाला येतो, माझ्या हस्तकलेच्या डब्यात कात्र्यांपेक्षा चिमटे जास्त आहेत.

सगळ्यात मोठी चूक एकच होते आणि ती प्रत्येक वर्गात होते: मूल घडीच्या बाजूने कमान कापतं. मग उघडलं की मध्ये एक मोठं भोक असलेली सपाट चौकट, पायही नाहीत आणि पाठही नाही. म्हणून कापायच्या आधी घडीवर एक रंगीत रेघ मारून घ्या आणि मुलालाच विचारा पाठ कुठे आहे, पाठीला कात्री लावायची का? नाही लावायची. तरी कुणीतरी कापतंच. एका मुलीने अशी कापली, उघडून बघितलं, जरा वेळ गप्प राहिली, मग ती चौकट तोंडापुढे धरली आणि त्या भोकातून बघत माकडासारखी उड्या मारायला लागली. तिचा प्राणी तिने असा केला. मी नवा कागद देऊ केला, तर नको म्हणाली.

रंगवायचं कधी? दुमडायच्या आधी, कागद सपाट असताना, आणि मेणाच्या खडूने. पाण्याचे रंग दिलेत तर कागदातले तंतू पाणी पिऊन फुगतात, कागद पापडासारखा वाकतो आणि मग घडी कसली न काय. यात एक गंमत आहे, सपाट कागदावर मुलाने फूल किंवा चेहरा काढला तर दुमडल्यावर खालच्या अर्ध्या भागात काढलेला सरळ दिसतो आणि वरच्या अर्ध्या भागात काढलेला उलटा लटकतो. मुलं यावर फार नाराज होतात. म्हणून पट्टे, ठिपके, गिचमिड, ज्याला वर-खाली नाही असं काहीही आधी, आणि चित्रं काढायची असतील तर पाय उभे राहिल्यावर.

डोकं मी चिकटवत नाही. पाठीच्या घडीवर, पुढच्या टोकापासून दीड सेंटीमीटर आत, वरून खाली दोन सेंटीमीटरची एक खाच मारायची, दोन्ही थरांतून. ही खाच तुम्ही मारा किंवा मुलाला मारू द्या, मुलीला नको. प्राणी उघडा उभा केला की त्या खाचेत एक कागद आडवा वरून सरकवता येतो, तेच डोकं. आपल्याकडे बघत राहतं. गम नाही, थांबणं नाही, आणि मुख्य म्हणजे डोकं काढून दुसरं बसवता येतं. शेपटीला मागच्या टोकाला तशीच खाच, किंवा एक अरुंद पट्टी पेन्सिलीला घट्ट गुंडाळून दहा आकडे मोजायचे आणि सोडायची, मस्त वळलेली शेपटी तयार, ती पाठीच्या घडीत आतून चिकटवायची.

आता येतो प्राणी. डोक्याचा कागद म्हणजे साधारण सहा-सात सेंटीमीटरचा कसाही गोलसर तुकडा, त्याला टोकदार त्रिकोणी कान लावले की मांजर, लांब लांब लावले की ससा, खाली लोंबते लावले की कुत्रा, डोक्याएवढेच मोठे पंख्यासारखे दोन लावून मध्ये एक दुमडत नेलेली पट्टी लावली की हत्ती. कान आणि शेपूट हे दोनच ठरवतात, बाकी धड सगळ्यांचं तेच. मुलांना हे कळतं तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात, कारण प्राणी काय आहे याचा हुकूम त्यांच्याकडे येतो. आणि मग सरळ मांजर कुणी करत नाही. चार कान. हत्तीचे कान आणि सशाची शेपटी. एकाने दोन्ही टोकांना डोकी बसवली आणि म्हणाला याला मागे वळावं लागत नाही.

तुमच्या मुलीसाठी माझ्या मते सिंह. का, तर आयाळ. तीन सेंटीमीटर रुंदीची लांब पट्टी द्या, तिच्या एका कडेने कच् कच् कच् काप मारत जायचं, दुसऱ्या कडेला एक सेंटीमीटर सोडून (तिथे एक जाड रेघ ओढून द्या, ती भिंत, भिंतीला धडकायचं नाही). चिमटी कापाला यापेक्षा चांगलं काम नाही, प्रत्येक काप सुटा, एक चुकला तरी दुसऱ्याला काही होत नाही, कमी-जास्त लांब झाले तर आयाळ उलट जास्त खरी दिसते. मग ती पट्टी डोक्याच्या गोलाभोवती मागून चिकटवायची, पेन्सिलीवर थोडी वळवली तर बघायलाच नको. चार वर्षांचं मूल यात दहा मिनिटं मान वर करत नाही. एखादा काप भिंत ओलांडून आरपार गेला तर पट्टीचे दोन तुकडे होतात, दोन्ही चिकटवा, मागून कुणाला कळतंय.

मोठ्याला त्याच वेळी वेगळं काम द्या हे मात्र नक्की. दोघांना एकच काम दिलंत की एक पुढे जातो आणि दुसरीचं लक्ष स्वतःच्या कागदावर न राहता भावाच्या कागदावर जातं. त्याला धड पूर्ण त्याचं त्याने करू द्या आणि वर दोन डोकी, तीन डोकी, बदलायची. सहाव्या वर्षी मुलांना नीटनेटकेपणाची हौस सुटलेली असते, तो रेघेबाहेर गेल्यावर स्वतःच चिडेल, तिथे "छान आहे रे" म्हणून उपयोग नाही, त्याला दिसतंय की ते छान नाही. त्याला विचारा कुठे गेला बाहेर, आणि सुटे कागद द्या सराव करायला. फाटलेल्या कानाचं म्हणाल तर फाटक्या कानाची मांजरं असतातच की.

गम. ग्लू स्टिक स्वच्छ असते, लहानांच्या हाताला बरी, पण खरोखर ताण पडतो तिथे, म्हणजे आत दुमडलेलं पोट वगैरे, सुटते. तिथे पांढरा गम. बाटली मात्र मुलाच्या हातात देऊ नका, त्याच्या मते जितका जास्त तितकं घट्ट, आणि होतं उलट, कागद भिजून लगदा. झाकणात थोडासा काढून द्या आणि कानकोरणीच्या कापसाने लावू द्या, एक ठिपका, पसरवून. वर चिमटा लावायचा आणि जायचं काहीतरी दुसरं करायला. पांढऱ्या गमला नीट धरायला वीसेक मिनिटं लागतात, त्या वेळात मुलं दर अर्ध्या मिनिटाला चिकटलं का म्हणून ओढून बघतात म्हणूनच ते सुटतं. मी तर मधली सुट्टी गमच्या वेळेलाच ठेवते. स्टेपलर मुलांपासून लांब, आणि तुम्ही मारलात तरी उघडी टोकं टेपने झाका. डोळ्यांसाठी हलणारे प्लॅस्टिकचे बुबुळ मिळतात ते तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर आणूच नका, निघतात आणि तोंडात जातात. पंच मशीनमधून पडलेले पांढरे गोल घ्या आणि मध्ये काळा ठिपका. दोन्ही डोळे एकाच बाजूला लावले तर लावू द्या. एकदा मी म्हणाले होते, अगं दुसरा डोळा पलीकडे ना, तर उत्तर आलं, "तो इकडेच बघतोय."

प्राणी पडतो, ही तक्रार येणारच. पाय फाकत फाकत बसत असेल तर आतून एका बाजूच्या पोटापासून दुसऱ्या बाजूच्या पोटापर्यंत तीन-चार सेंटीमीटरची पट्टी चिकटवा, पुलासारखी, दोन्ही टोकं जरा दुमडून, पाय त्याच्यापुढे जात नाहीत. पुढे तोंडावर पडत असेल तर डोकं मोठं झालंय, वजन पुढच्या पायांच्या पुढे गेलंय, तेव्हा डोकं लहान करण्यापेक्षा (मुलं ते करू देत नाहीत) खाच एखाद सेंटीमीटर मागे घ्या नाहीतर शेपटी जाड लावा. चारही पाय टेकत नसतील तर लांब पाय कापून सारखे करायच्या भानगडीत पडू नका, एक कापला की दुसरा लांब वाटतो, तो कापला की तिसरा, असं करता करता जिराफाचं कासव झालेलं मी बघितलंय, आणि करणारी मीच होते. त्यापेक्षा प्रत्येक पायाचं टोक अर्धा सेंटीमीटर बाहेर दुमडा, पंजे होतात आणि उंची जुळवून घेता येते.

ज्या दिवशी कात्री नकोच असेल त्या दिवसासाठी एक अगदी छोटं. १५ सेंटीमीटरचा चौकोनी कागद, कोपऱ्यावर कोपरा ठेवून त्रिकोण, लांब बाजू वर आणि टोक खाली, वरचे दोन कोपरे खाली दुमडले की कान, खालच्या टोकाचा एक थर वर दुमडला की नाक. कुत्र्याचं तोंड. चार घड्या, आणि चार वर्षांच्या मुलाला दुसऱ्या दिवशी आठवतात. मुलांच्या हाताला असलं काम द्यायची कल्पना काही आजकालची नाही, १८३७ मध्ये फ्रेडरिक फ्रोबेलने जर्मनीत जी बालवाडी काढली आणि जिला पुढे किंडरगार्टन म्हणायला लागले, त्याच्या पद्धतीत कागद दुमडणं आणि कापणं हे खेळाइतकंच रोजचं काम होतं. त्यातही घड्यांच्या फार शिस्तबद्ध मालिका होत्या म्हणा, मला ते जरा जास्तच वाटतं.

वेळेचं विचारलंत तर मुलीला १५-२० मिनिटं, मुलाला अर्धा तास, आणि अजून थोडं करायचंय असं ती म्हणत असतानाच थांबवा. एका बैठकीत पूर्ण झालाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? आज धड, उद्या डोकं. नमुना दाखवायचा असेल तर एकदा उभा करून दाखवा, कसा उभा राहतो ते मुलांना बोटाने ढकलून बघू दे, आणि मग कपाटात ठेवून द्या, समोर राहिला की ती आपल्या कागदाकडे न बघता त्याच्याकडे बघत बसतात. तुम्हाला नुसतं बसवत नसेल तर तुमचा स्वतःचा एक प्राणी करत बसा बाजूला, तुमचा पण वाकडा होऊ दे, पण त्यांच्या प्राण्याला हात लावायचा नाही. ती झोपल्यावर तर नाहीच. सकाळी त्यांना कळतं.

आणि हो, कमान कापल्यावर पोटातून जे दोन अर्धगोल निघतात ते कचऱ्यात टाकू नका. सपाट बाजू खाली धरली की त्यांची कासवं होतात, साळिंदर होतं, कडेने काप मारले की काटे. मागे एका मुलीने दोन्ही अर्धगोल उचलले, त्यांना डोळे काढले आणि आपल्या मांजरासमोर ओळीने ठेवले. मी विचारलं ही कोण? तर म्हणाली, "ही पिल्लं. आत्ताच झाली ना. तूच बघितलंस की, पोटातून निघाली."